‘येथे दोन सेकंद थांबावे’

मा. संपादक,

सोलापुरात पूर्व भागात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा म्हणजे आमची सुगी. 28 तारखेला विज्ञान दिन, शाळाशाळांत प्रदर्शनं, आणि 27 च्या रात्री अकरापर्यंत पालक दारात उभे: ‘पोराला उद्या बोलायचंय, तेवढं भाषण टाइप करून द्या की.’

खरं सांगतो, निम्मं मला टाइप करावंच लागत नाही. माझ्याकडे ‘रामन’ नावाची एक फाइल आहे. 28 फेब्रुवारी 1928 चा शोध, प्रकाशाचं विकिरण, 1930 चं नोबेल, असा एक परिच्छेद. प्रयोग ज्वालामुखीचा असो की ठिबक सिंचनाचा, वर हा परिच्छेद चिकटतो. खाली मोबाइलवरून उतरवलेली दोन भरगच्च पानं. बोलायला मिळणार तीन मिनिटं, पानं मोठ्यानं वाचायला लागतात सहा. पोरगं शेजारीच उभं असतं, पण त्याला कोणी काही विचारत नाही.

यंदा बॅनर बांधायला एका शाळेत गेलो, तर माझंच टायपिंग कानावर आलं. सातवीतला मुलगा कागद धरून घडाघडा वाचत होता. मजकुरात कुणीतरी कंसात सूचना घातल्या होत्या, त्याही तो वाचत सुटला: ‘...ही काळाची गरज आहे, येथे दोन सेकंद थांबावे, धन्यवाद.’ मंडपात हशा झाला. पोराच्या हातातला कागद थरथरायला लागला. तो कंस मीच टाइप केला होता, म्हणून हे पत्र.

त्याच मंडपात आठवीतली एक मुलगी होती. घरी तेलुगू, आई विड्या वळते. दोन दिवस आधी ती सरांनी लिहून दिलेली पानं घेऊन दुकानात आली होती. ‘बाष्पीभवनाच्या प्रक्रियेद्वारे अप्रकट उष्मा शोषला जाऊन’ हे वाक्य तिला तीनदा वाचूनही जमेना. मी सहज म्हणालो, ‘कागद ठेव. केलंस काय ते सांग.’ तर म्हणाली, ‘काका, दोन माठ घेतले. एकाला बाहेरून ऑइलपेंट मारला. दुपारी खोलीत 33 होतं, कोऱ्या माठातलं पाणी 25, रंगवलेल्यातलं 32. कोरा पाझरतो ना, बाहेर आलेलं पाणी उडून जाताना आतली गरमी घेऊन जातं. रंगानं छिद्रं बुजली, मग कसं पाझरणार?’ एका दमात. वाया गेलेल्या फोटो-कार्डाचा तुकडा कापून दिला आणि म्हटलं, एवढ्यावर मावेल तेवढंच लिही. तिनं तीन आकडे लिहिले, खाली ‘बोट लावून दाखवायचं’ आणि ‘वजन’.

प्रदर्शनात परीक्षकांनी तिला अडवलंच. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला लागणाऱ्या उष्णतेचा पुस्तकातला 540 कॅलरीचा आकडा 100 अंशांवरचा, म्हणजे पाणी उकळतानाचा. तुझा माठ उकळतोय का? पाठांतरवालं पोर इथं गप्प झालं असतं. ही म्हणाली, ‘उकळत नाही सर, पण पाणी उडतंय. सकाळी किराणावाल्याच्या काट्यावर माठ तोलला, दुपारी 200 ग्रॅम कमी भरला.’ मग परीक्षकांनीच समजावलं की खोलीतल्या तापमानाला तो आकडा आणखी वाढतो, ग्रॅमला 580 च्या आसपास जातो. तिनं तिथल्या तिथं कार्डाच्या पाठीमागं 580 लिहून घेतलं. नंबर तिला मिळाला नाही. रंगीत फाइल आणि थर्माकोलचं मॉडेल असलेल्या प्रयोगाला मिळाला. असो.

प्रदर्शन भरवणाऱ्या शाळांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या वर्षीच्या सूचनापत्रात दोन ओळी घाला. बोलताना हातात पोस्टकार्डाएवढं एकच कार्ड, तेही मुलाच्या अक्षरातलं. आणि छापील फाइलला गुण देण्याऐवजी नोंदवही उघडायला सांगा, खाडाखोड असलेली. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड आहे, त्यांचा एखादा शब्द तसा आला तर टोकू नका.

यात माझं टायपिंग बुडेल, कळतंय मला. कोरी कार्डं मात्र कापून ठेवलीत, त्याचे पैसे घेणार नाही. पेन तेवढा घरून आणावा.

– एक डीटीपीवाला, सोलापूर