पिओनी लावताना नुसता उणेचा आकडा बघू नका

संपादक साहेब, नमस्कार.

थंड देशातल्या बागांवर काही छापून आलं की पिओनी (मोठ्या, देखण्या फुलांचं बागेतलं झाड) उणे अमुक डिग्रीपर्यंत टिकते एवढं सांगून लोक मोकळे होतात. तुमचा पेपर तिकडे राहणारे मराठी लोकपण ऑनलाइन वाचतात म्हणून लिहितोय, जंगली पिओनी लावायची तर नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका. समुद्रापासून लांब, जिथे हिवाळापण कडक आणि उन्हाळापण, तिथे बर्फाचा जाड थर असला की खालची जमीन हवेपेक्षा बरीच उबदार राहते. खरा घोळ होतो वसंतात, चार दिवस ऊन पडतं, बर्फ वितळतो, कोंब वर येतो आणि परत पारा घसरला की कळी आतल्या आत काळी.

म्हणून जात मूळची कुठली ते आधी बघा. सायबेरिया-मंगोलियातली अनोमाला, किंवा युक्रेन-दक्षिण रशियाच्या गवताळ मैदानातली टेन्युइफोलिया (शेपूसारखी बारीक पानं, वर गडद लाल फूल, काय दिसते म्हणून सांगू), ह्यांना असा हिवाळा पिढ्यान् पिढ्या माहितीये. टेन्युइफोलिया भर उन्हाळ्यात पानं वाळवून झोपी जाते, मेली समजून उकरू नका. भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावरची कँबेसेडेसी मात्र लवकर कोंब काढते, तिला तिकडे उघड्यावर लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. जॉर्जियात लागोदेखीच्या डोंगरातली फिकट पिवळी म्लोकोसेविची थंडी सोसते पण उठायची घाई फार, तिला बर्फ उशिरा वितळेल अशी जागा द्या.

आता बी. शेंग उकलली की लाल आणि निळसर काळ्या अशा दोन्ही बिया दिसतात, लाल देखण्या पण पोकळ, काळ्याच घ्या आणि ताज्या घ्या. बीला आधी उबेत मूळ फुटतं, मग थंडी मिळाल्यावर कोंब. तिकडे शरद इतका छोटा की सप्टेंबरअखेर बाहेर पेरलेल्या बीला मुळापुरती ऊबच मिळत नाही, ती पुढचा अख्खा उन्हाळा जमिनीत काढते आणि त्याच्या पुढच्या वसंतात वर येते, तोवर लोकांनी कुंडी ओतून टाकलेली असते! त्यापेक्षा ओलसर वर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारं हलकं खनिज, कुंडीत वापरतात ते) घालून पिशवीत घरातच २० डिग्रीच्या आसपास ठेवा, मूळ दोन-तीन सेंटिमीटर झालं की फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही हो) ४-५ डिग्रीला दोन-तीन महिने. पहिल्या वर्षी एखादंच पान येतं, फुलाला ४-५ वर्षं तरी धरा.

तयार रोप मिळालं तर वसंतात नको, सप्टेंबरमध्ये लावा, डोळे (मुळांच्या वरचे कोंब) ३ ते ५ सेंटिमीटरच खाली, आणि पाणी साचणारी जागा अजिबात नको. पहिल्या हिवाळ्यात वरून पाचोळा टाका पण जमीन गोठल्यावरच, आधी टाकलात तर उंदीर त्यात संसार थाटतात.

आपला,
एक वाचक