ते तीन दिवस

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलणं होतं, तरी आज पत्र लिहायला बसले आहे. बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "जे काही केलंस ते एकदा कागदावर लिहून दे, मला सावकाश वाचायचंय." ते लिहितेच. पण त्याआधी एक गोष्ट आहे, जी फोनवर माझ्या तोंडून निघत नाही. त्या रात्री मी तुमच्यावर ओरडले, "कोड दिलाच कसा तुम्ही?" म्हणून. बाबा, मला माफ करा.

अमावस्येची येळवस झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला मेसेज आला. नंबर तुमच्या जुन्या सहकारी गुरुजींचा. "माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या फोनवर आलाय, तेवढा पाठवता का?" ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं शाळेच्या व्हरांड्यात डबा उघडलात, त्याने मागितलं आणि तुम्ही दिलंत. गुरुजींचं खातं आदल्या दिवशीच चोरांच्या हातात गेलंय, हे तुम्हाला कसं कळावं? पाच मिनिटांत तुमचं व्हॉट्सॲप बंद पडलं आणि हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही, अशी पाटी दिसायला लागली.

त्यानंतर तुम्ही तीन दिवस कुणाला बोलला नाहीत. पारावर गेला नाहीत, बाजाराच्या दिवशीही घरीच बसलात. शेवटी आईने मागच्या अंगणात जाऊन दबक्या आवाजात मला फोन केला, "तुझे बाबा दोन दिस झाले नीट जेवंनात, कुणाशी बोलंनात. तूच इचार बाई." तुम्ही गप्प का राहिलात, त्याचं कारण मला माहीत आहे. वीजबिल भरलं नाही तर रात्री लाईट कापू, असा मेसेज आला होता तेव्हा तुम्ही त्या नंबरवर फोन केलात म्हणून मी किती बोलले होते! पैसे गेले नव्हते, तरी बोलले. ते तुमच्या मनात बसलं. म्हणून यावेळी पहिला फोन मला यायला हवा होता, तो आलाच नाही.

त्या तीन दिवसांत चोर तुमच्या नावाने लिहीत होता. "अडचणीत आहे, आठ हजार पाठव, संध्याकाळी परत करतो." तुमच्या जुन्या गप्पा त्याला वाचता आल्या नसतील, त्या आपल्याच फोनमध्ये असतात. पण तुम्ही ज्या ज्या ग्रुपमध्ये होतात ते त्याच्यासमोर उघडे होते आणि तिथे सगळ्यांचे नंबर. त्यात त्र्याण्णवच्या सातवीचा ग्रुपही होता. त्यातल्या एकाने काही न विचारता पैसे टाकले. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ताई, सरांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. विचारायचं काय त्यात?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी फार लहान होते. आईने सांगितलेलंच आठवतं. पुढे कित्येक महिने तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग घेतलात, आणि ज्यांची घरं पडली त्या पोरांच्या वह्या तुमच्या पगारातून आल्या. तो त्याच पोरांपैकी. चोराने वापरला तो त्या पोरांचा तुमच्यावरचा भरवसा, आणि तो तुम्ही कमावलेला आहे. तुम्ही आठ हजार घेऊन त्याच्या दुकानात गेलात, त्याने घेतले नाहीत. तो विषय आता त्याच्यावर सोडा बाबा, त्याला अजून लाजवू नका.

आता काय केलं ते लिहिते. आईचा फोन स्पीकरवर होता आणि तुमचा फोन तुमच्या हातात. मी तुम्हाला व्हॉट्सॲप उघडून तुमचाच नंबर पुन्हा टाकायला लावला. कोड मेसेजने तुमच्या सिमवरच येतो, चोराकडे जात नाही. त्याला तो मिळाला होता कारण आपणच पाठवला. आधी फोनने थोडा वेळ थांबायला सांगितलं, चोरानेही मध्ये कोड मागवून पाहिले असतील. मग कोड आला, तुम्ही चष्मा पुसून एकेक आकडा टाकलात, आणि त्या क्षणी चोर बाहेर फेकला गेला. लगेच पुढची पाटी आली, पिन मागणारी. तो पिन चोराने लावला होता. अशा वेळी ७ दिवस थांबावं लागतं, मगच पिनशिवाय आत जाता येतं. तुम्हाला वाटलं सगळं पुन्हा बिघडलं. पण त्या ७ दिवसांत तोही आत नव्हता. तुमच्या नावाने एकही मेसेज गेला नाही. पहिल्याच दिवशी हे केलं असतं, तर ते आठ हजारही कदाचित वाचले असते. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. मला टोचतं म्हणून लिहिते.

तालुक्याच्या मोबाईल दुकानात तुम्हाला "हे सिम फेका, नवीन नंबर घ्या" असं सांगितलं होतं ना? बरं झालं ऐकलं नाहीत. घराची किल्लीच ती. सिम गेलं असतं तर कोड यायला जागा उरली नसती. तसंच, "तुमचं खातं परत मिळवून देतो, अमुक पैसे भरा" असा कुणाचाही फोन आला तर ठेवून द्या. एकदा फसलेल्या माणसाला गाठणारे दुसरे चोर असतात.

त्या मुलाने १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली आहे, cybercrime च्या सरकारी पोर्टलवरही नोंद झाली, तक्रार क्रमांक त्याच्याकडे आहे. पैसे गेल्या गेल्या तो फोन केला तर ज्या खात्यात ते गेले तिथे अडवता येतात. उशीर झाला की ते पुढच्या पुढच्या खात्यांत फिरवले जातात. त्याचे अजून आलेले नाहीत. आणि तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून सांगते, पोलीस तुम्हाला पकडणार नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमात दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. त्या कलमात गुन्हेगार तो आहे. तुम्ही ज्याची ओळख चोरली गेली ते.

आई, तुला एक सांगायचं राहिलं. आठव्या दिवशी खातं परत आलं त्याचा मला तेवढा आनंद झाला नाही, जेवढा ती वही पाहून झाला. तू व्हिडिओ कॉलवर दाखवलीस ती. बाबांनी शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा मारल्यात, डावीकडे अनुक्रमांक, मग नाव, मग "फोन केला", "भेटून सांगितलं", आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाची खूण. एकशे बारा माणसं. ज्यांना फोनवर सांगणं अवघड वाटलं, त्यांच्या घरी ते चालत गेले. बाबा, तीन दिवस तुम्ही कुणाला तोंड दाखवत नव्हतात आणि पुढच्या सात दिवसांत शंभरावर जणांना तोंडाने सांगितलंत, "माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका." मला हे जमलं असतं का, माहीत नाही.

आता उरलेलं थोडंसं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन', म्हणजे कोडनंतर पिन मागणारं दुसरं कुलूप, आपण परवा चालू केलं, त्याचा पिन तुमचा तुम्ही ठरवलात. तो कॅलेंडरवर लिहू नका, जन्मसाल ठेवलं असेल तर बदला, आणि मलाही सांगू नका. 'लिंक्ड डिव्हायसेस', म्हणजे तुमचं व्हॉट्सॲप आणखी कुठे जोडलंय त्याची यादी, महिन्यातून एकदा उघडून बघा, ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर काढून टाका. फेसबुकचा पासवर्ड शाळेचं नाव आणि निवृत्तीचं वर्ष असा आहे, तो मी आल्यावर बदलू. गुरुजींनाही फोन करा. त्यांना अजून वाटतंय की तुम्ही त्यांच्यावर रागावलात.

आणि पुन्हा असं काही झालं, रात्री दोनला झालं तरी, मला उठवा. मी आधी विचारीन, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना?" बाकीचं नंतर.

पुढच्या शनिवारी येते आहे. त्या मुलाने शेतावर हुरड्याला बोलावलंय, आपण तिघंही जाऊ. वहीत अजून चार नावांपुढे लाल खूण नाही असं आई म्हणाली. ती वही सोबत घ्या, त्यातले दोघं तिथे येणार आहेत.

तुमची,
माई