तिकीट शून्य रुपयांचं, पायरी गुडघ्याएवढी

माननीय परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. माझा जन्म त्याच वर्षीच्या दिवाळीतला. म्हणजे एसटी माझ्याहून पाच महिन्यांनी थोरली.

ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपासून मीही त्यात आले. आधार कार्ड दाखवलं की वाहक शून्य रुपयांचं तिकीट हातावर ठेवतो. पैसे वाचतात ते वाचतातच, पण पेन्शनसाठी बँकेत, डोळे दाखवायला तालुक्याला, मनात आलं तर बहिणीकडे, अशी मी मुलाच्या रजेची वाट न बघता निघते. चार माणसं भेटतात, पाय चालते राहतात. डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा मला या फेऱ्यांचा गुण जास्त आहे, असं माझं ठाम मत (डॉक्टरांना सांगू नका).

अडतं ते पायरीशी. आपल्या स्थानकांवर गाडी फलाटाला नाक लावून उभी राहते. त्यामुळे फलाट उंच बांधूनही दार उघडतं ते खालच्या जमिनीवर. आधी फलाटावरून उतरा, मग गुडघाभर वर चढा. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात पिशवी. दांडी धरायची कशानं? वयाबरोबर मांडीतली ताकद कमी होते, म्हणून मी रोज सकाळी ओट्याच्या पायरीवर वीस वेळा चढउतार करते. माझ्या बाजूनं जे होईल ते चाललं आहे. पण आमच्या आळीतल्या दोघीजणींनी या पायरीपायी प्रवासच सोडला. सवलत त्यांनाही आहेच.

शहरातल्यासारख्या लो-फ्लोअर गाड्या आमच्याकडे चालणार नाहीत, खड्ड्यांत खाली घासतील, हे मला कळतं. म्हणून मागणं लहान आहे. प्रत्येक स्थानकावर दाराशी सरकवता येईल असा एक भक्कम लोखंडी पाट ठेवावा. नव्या गाड्या घेताना पहिल्या पायरीची उंची निविदेतच लिहावी आणि दाराच्या दोन्ही बाजूंना खालपर्यंत दांडी असावी. आणि म्हातारं माणूस बसेपर्यंत वाहकानं डबल बेल देऊ नये. याला तर पैसाही लागत नाही.

पाट आधी आला तरी चालेल. नव्या गाड्यांची निविदा निघेपर्यंत मी ऐंशीची होईन.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका