विमान चालवून पाहण्याची सोय नागपुरात हवी

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या आर्वी भागातल्या बारावी विज्ञानाच्या मुलामुलींच्या तोंडी वैमानिक होण्याची भाषा वारंवार ऐकू येते, आणि तिच्या पाठोपाठ त्या स्वप्नाचा भाव सांगणारी माणसेही खेड्यापाड्यांपर्यंत येऊन पोहोचली आहेत. माझी मुलगी या मुलांपैकीच एक आहे. एका प्रशिक्षण संस्थेच्या प्रतिनिधीने आमच्या ओसरीवर बसून अर्ध्या कोटीहून अधिक खर्चाचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि जागा राखून ठेवण्यासाठी आठ दिवसांत आगाऊ रक्कम भरा असे सांगितले. मुलीला आधी एकदा त्या खुर्चीत बसून पाहता येईल का, एवढेच मी त्यांना विचारले. त्यांच्याजवळ रंगीत छायाचित्रांचे पुस्तक होते, पण या प्रश्नाला उत्तर नव्हते. बैलजोडी घेतानासुद्धा आपण ती आधी वखराला जुंपून पाहतो, आणि इथे तर वडिलोपार्जित शेत गहाण टाकण्याचा प्रश्न होता.

म्हणून आम्ही दोघे पुलगावहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. तेथे प्रवासी विमानाचा सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारी वैमानिकाच्या खोलीची हुबेहूब प्रतिकृती, सर्वसामान्य माणसालाही तासाच्या हिशेबाने वापरायला मिळतो, असे कळले होते. तासाचे शुल्क आमच्या दोन क्विंटल कापसाच्या किमतीएवढे होते; त्यात प्रवास आणि मुक्काम धरला तर खर्च सहज दुप्पट झाला. तरीही ते पैसे वाया गेले असे मला वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

तो सिम्युलेटर एअरबस ए-३२० या विमानाचा होता. दार लावून घेतले की खऱ्या कॉकपिटाएवढीच अरुंद जागा, डोक्यावरही बटणांची फळी, आणि समोरच्या काचांबाहेर अर्धवर्तुळाकार पडद्यावर दिसणारी धावपट्टी. कोणत्या विमानतळावरून निघायचे, असे तेथील प्रशिक्षकांनी विचारले, तेव्हा मुलीने क्षणाचाही विचार न करता नागपूर असे सांगितले. त्यांनी दोन-चार कळा दाबल्या आणि समोर सोनेगावची धावपट्टी उभी राहिली, तिच्यावर पांढऱ्या रंगात ३२ हा आकडा. हा आकडा म्हणजे होकायंत्रावरील दिशा असून ३२० अंशांतले शेवटचे शून्य गाळून तो लिहितात, आणि त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला १४ लिहिलेले असते, कारण तिकडून आले तर दिशा १४० अंश होते. शाळेत कोन शिकताना यातले काही कोणी सांगितले असते, तर गणिताच्या तासाला वर्ग केवढा जागा राहिला असता, असे मला तेव्हा वाटून गेले.

मुलगी डावीकडच्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीत बसली. तिचा डावा हात साइडस्टिकवर, म्हणजे विमान वळवणाऱ्या व वरखाली करणाऱ्या बाजूच्या छोट्या दांडीवर, आणि उजवा हात इंजिनांची ताकद वाढवणाऱ्या दोन दांड्यांवर होता. विमानाने वेग घेतला, तसे प्रशिक्षकांनी ‘व्ही-वन’ असे मोठ्याने म्हणून तिला दांड्यांवरचा हात काढायला लावला. मला त्याचे कारण समजले नाही, म्हणून त्यांनी ते उलगडून सांगितले. त्या वेगापर्यंत काही बिघाड झाला तर उड्डाण रद्द करून उरलेल्या धावपट्टीवर थांबता येते. तो वेग ओलांडला की एक इंजिन बंद पडले तरी उडायचेच असते. अशा वेळी घाबरून हात दांड्या मागे ओढू नये, म्हणून तो हात तेथे ठेवायचाच नाही. एवढा मोठा निर्णय वैमानिक त्या क्षणी घेत बसत नाही, तो जमिनीवर हिशेब मांडून आधीच घेतलेला असतो. वैमानिकाच्या कामाविषयी मी आजवर जे काही ऐकले होते, त्या सगळ्यापेक्षा तो बाजूला घेतलेला हात मला अधिक सांगून गेला.

विमान उचलले गेले. पडद्यावर उजव्या हाताला पाण्याचा एक निळा तुकडा दिसला, तो अंबाझरीचा तलाव असावा. त्यानंतर आम्ही डावीकडे वळलो, आणि ती खोली जमिनीला पक्की बसवलेली असूनही माझा खांदा आपोआप झुकला, इतका डोळ्यांचा शरीरावर ताबा असतो. विमान कंपन्यांच्या वैमानिकांसाठी असलेले सिम्युलेटर मात्र सहा दट्ट्यांवर उभे असतात आणि खरोखरच हलतात. धावपट्टीवर वेग घेताना पाठ खुर्चीत रुतते, तो अनुभव देण्यासाठी ती संपूर्ण खोली हळूच मागे कलती करतात आणि पडद्यावरचे चित्र मात्र सरळच ठेवतात; डोळ्यांना कलणे दिसत नाही, त्यामुळे पाठीवर आलेला आपल्याच शरीराचा भार कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वेग वाढल्यासारखा वाटतो. अनुभवी वैमानिकाला नव्या जातीच्या विमानाचे प्रशिक्षण अशा यंत्रावर पूर्ण करता येते, आणि नोकरीत असेपर्यंत त्याची ठरावीक काळाने परीक्षाही याच यंत्रावर होते. त्यामुळे याला मोठ्यांचे खेळणे समजणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

खरी कसोटी उतरताना लागली. विमान तीन अंशांच्या उतरणीवर यावे लागते, म्हणजे धावपट्टी दहा किलोमीटरवर असताना उंची सुमारे सव्वापाचशे मीटर असली पाहिजे, आणि तेव्हा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उंची बरोबर, चारही लाल दिसले तर विमान फार खाली आले आहे. पहिल्या खेपेला मुलगी त्या दिव्यांच्या मागे धावत राहिली. एक लाल दिवा वाढला की ती नाक वर करी, मग पांढरे वाढत, की पुन्हा खाली करी, आणि विमान डुलत डुलत धावपट्टीच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर आदळून चित्र तेथेच थांबले. प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी तिला सांगितले, की थोडे हलवायचे, सोडायचे आणि विमान काय करते ते पाहायचे. नव्या गोऱ्ह्याला वळण लावताना कासरा सतत ताणून धरला तर तो बिथरतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेले आहे. मी मागच्या खुर्चीवरून तिला एवढीच आठवण करून दिली. चौथ्या खेपेला यंत्राच्या आवाजाने पन्नास, चाळीस, तीस असे फुटांचे आकडे म्हटले, ‘रिटार्ड’, म्हणजे ताकद कमी करा, असा शब्द ऐकू येताच तिने दोन्ही दांड्या पूर्ण मागे घेतल्या, आणि विमान मध्यरेषेच्या थोडे डावीकडे, पण धावपट्टीवर उतरले. तिच्या तळहाताचा घाम साइडस्टिकच्या मुठीवर स्पष्ट दिसत होता.

शेवटची दहा मिनिटे मी बसलो. धावपट्टीवरून धावताना विमान पायांतल्या पेडलने सरळ ठेवायचे असते; आयुष्यभर ट्रॅक्टरचे स्टिअरिंग धरलेल्या माझ्या हाताला ते पटत नव्हते आणि मी पुन्हा पुन्हा साइडस्टिकच वळवत राहिलो. शरीराच्या अशा सवयी मोडणे हा त्या शिक्षणाचा मोठा भाग आहे, हे बाहेरून बघणाऱ्याला कधीच कळणार नाही.

परतीच्या प्रवासात मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितले, की तिला हे शिकायचे आहे, पण ती समजत होती त्यापेक्षा हे काम फार वेगळे आहे. यात बोलणे, ऐकणे, तपासणी यादी वाचणे आणि स्वतःची चूक लगेच मान्य करणे हेच जास्त आहे. आता आधी वैद्यकीय तपासणी करायची आणि ती पार पडल्यावरच पैशांचे बोलायचे, असे आम्ही ठरवले आहे. दुसऱ्या एखाद्या मुलाला त्याच तासाभरात हे आपले काम नाही असे उमगले असते, तर त्या घराचे शेत वाचले असते. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते, आणि दहाव्या तासाला नावड कळली तर तोपर्यंत भरलेले पैसे परत मिळवणे किती कठीण असते, हे मी वेगळे सांगायला नको. सिम्युलेटरवरचा असा हौशी तास परवान्याच्या हिशेबात धरला जात नाही आणि त्याने कोणी वैमानिक होत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण निर्णय घेण्यापुरते ज्ञान तो देतो, आणि नेमके तेच आमच्या भागात मिळत नाही.

या यंत्राचा जन्मच मुळी एका वाद्यांच्या कारखान्यात झाला, हे वाचून मला फार आनंद झाला. अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. आपल्या भजनी मंडळाच्या पेटीला असतो तशाच हवेच्या भात्यांवर एक लाकडी विमान डोलवून लिंक यांनी १९२९ साली पहिला प्रशिक्षक-डबा तयार केला. उड्डाण शिकवणाऱ्यांनी सुरुवातीला त्याकडे लक्षच दिले नाही, आणि आरंभीचे डबे करमणुकीच्या बागांत गेले, जेथे कोणीही नाणे टाकून त्यात बसत असे. लष्कराने ते विकत घेतले १९३४ साली, टपाल वाहताना त्यांचे वैमानिक अपघातांत दगावल्यानंतर. म्हणजे या यंत्रावर पहिला बसला तो सामान्य माणूस.

आता माझी मागणी. विदर्भाला विमाने नवी नाहीत. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याची टपाल विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करीत, आणि आज मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचे काम चालते. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक घडवले जातात. मग वर्धा, यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या मुलाने तासाभराच्या अनुभवासाठी मुंबईच का गाठावी? नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात न हलणारा, पण खऱ्या मापाचा एक सिम्युलेटर बसवावा, आणि ग्रामीण शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तो माफक शुल्कात मिळावा. त्याला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत विदर्भातील प्रशिक्षण संस्थांनी आपले जमिनीवरील सराव यंत्र महिन्यातून एका रविवारी पालकांसह मुलांसाठी खुले ठेवावे, आणि कोणत्याही संस्थेने मुलाला असा एक तास दिल्याशिवाय आगाऊ रक्कम घेऊ नये, असा नियम शासनाने करावा. शुल्क द्यायला आमची तयारी आहे. आर्वीहून सकाळच्या एस.टी.ने निघालेली मुले संध्याकाळी घरी पोहोचू शकतील एवढ्या अंतरावर ही सोय हवी, आणि ती सुरू झाल्यास आमच्या गावच्या वाचनालयातर्फे पहिली तुकडी घेऊन येण्याची जबाबदारी मी स्वतः घेतो.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा