आंबोली टोडसाठी पावसाचे पहिले आठवडे: माणसे आणि सामान हवे आहे

वळवाच्या सरी पडल्या की आंबोलीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठते. कुठे परातीएवढे, कुठे जेमतेम बोटभर खोल. आंबोली टोड हा छोटासा भेक याच पाण्यात अंडी घालतो. नदी, विहीर, भातखाचर असे काही त्याला चालत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे एवढाच त्याचा हंगाम, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. हे आवाहन त्या काही आठवड्यांपुरते आहे.

आधी थोडी ओळख. कुशीवर पिवळेधमक डाग आणि पट्टे असलेला हा प्राणी 2009 साली सत्यभामा दास बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्र जाती म्हणून नोंदवला. शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायगरिना. झँथोफ्रायनी या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, जगभरात दोनच जाती आहेत. दुसरी कोयना टोड, तिचे वर्णन 1963 साली सोमण यांनी केले. दोन्ही फक्त सह्याद्रीतल्या. आंबोलीचा टोड आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदवला गेला, कारण तो राहतो तो प्रदेश फारच लहान आहे. इथला एक सडा गेला तर त्याची भरपाई दुसरीकडे होणार नाही.

रात्रीची गस्त

रस्ता ओलांडणारे टोड चाकाखाली जातात. पाऊस आणि धुके असताना दोन-तीन सेंटिमीटरचा प्राणी हेडलाईटमध्ये चालकाला दिसत नाही, त्यामुळे नुसते ‘सावकाश चला’ सांगून भागत नाही. रस्त्यावर माणूसच उभा हवा. गस्त संध्याकाळी साडेसात ते रात्री बारा, पाऊस पडत असेल त्या दिवशी. जोडीने फिरायचे: एकाने बॅटन टॉर्च घेऊन वाहनांकडे तोंड करून उभे राहायचे आणि दुसऱ्याने खाली बघायचे. दोघेही खाली बघू लागले की अपघात होतो. म्हणून एकट्या माणसाला गस्तीला पाठवले जाणार नाही, कितीही अनुभव असला तरी.

टोड दिसला तर तो ज्या दिशेला तोंड करून होता त्याच बाजूला, डांबरापासून तीन-चार पावले आत सोडायचा. ‘तिकडे चांगली जागा आहे’ म्हणून लांब नेऊन सोडणे हे मदत करणाऱ्यांकडून सर्रास होते, आणि त्यात प्राण्याचे नुकसानच होते. तो पुन्हा आपल्या खळग्याकडे निघतो आणि पुन्हा रस्त्यावर येतो. नर मादीच्या पाठीवर असेल तर जोडी सोडवू नका, दोघांना एकत्रच उचला. शक्यतो हात लावूच नका. प्लॅस्टिकची सुपली समोर धरून मागून बोटाने हलकेच ढकलले की तो स्वतः चढतो. हात लावावाच लागला तर बिनपावडरचा नायट्राईल हातमोजा, तोही पाण्यात भिजवून. डासांचे मलम लावलेला हात बेडकांच्या कातडीला घातक आहे. ती कातडी पाणी आणि त्यातले बरेच काही सरळ आत घेते. मलम लावायचेच असेल तर ते कपड्यांना लावा.

बादलीत एका वेळी एकच प्राणी ठेवा. तळाशी ओला पाला हवा, पाणी नको. भेकांच्या कातडीतून विषारी स्राव निघतो आणि मोठे बेडूक लहानांना गिळतात, त्यामुळे ‘सगळे एकाच बादलीत’ हा प्रकार करू नये.

मेलेला टोड दिसला तर वेळ, किलोमीटरचा दगड, पाऊस होता की नाही आणि वरून काढलेला एक फोटो एवढी नोंद करून तो रस्त्यावरून बाजूला करा. तसाच पडून राहिला तर त्याला खायला साप आणि उदमांजरे रस्त्यावर येतात आणि तीही चिरडली जातात.

गटारांतले उतार

रस्त्याकडेच्या सिमेंटच्या गटारांची भिंत सरळ उभी असते. आत पडलेला टोड वर येऊ शकत नाही, पाण्याबरोबर मोरीपर्यंत वाहत जातो. उपाय स्वस्त आहे: दर दहा मीटरला भिंतीला लागून खडबडीत उतार. एका उताराला जांभ्याच्या खडीची दोन ते तीन घमेली आणि थोडा सिमेंटचा माल लागतो. उतार आडवा टाकायचा नाही, भिंतीच्या कडेने लांबट करायचा आणि गटाराची दोन तृतीयांश रुंदी मोकळी सोडायची. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात कचरा अडकून पाणी रस्त्यावर येते आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी सगळे उतार फोडून टाकतो. वरचा पृष्ठभाग थापीने गुळगुळीत करू नये. हे काम मे महिन्यातच उरकले पाहिजे, कारण ताज्या सिमेंटचे क्षारयुक्त पाणी बेडूकमाशांना मारते. सार्वजनिक बांधकाम खात्याची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय एकही उतार घातला जाणार नाही.

खळग्यांभोवती दोरी

सड्यावर लोक गाडी चढवतात, सेल्फी काढतात, पाण्यात पाय बुडवतात. एका बुटाखाली एका जोडीची सगळी अंडी जाऊ शकतात. दोरीने वाट आखून दिली की बहुतेक लोक ऐकतात, पण कातळात खांब रोवता येत नाही. आणि खांबाला आधार म्हणून सड्यावरचे सुटे दगड उचलायचे नाहीत, टोड त्यांच्याच खाली दडलेले असतात. म्हणून पंधरा किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात बांबू उभा करून भोवती वाळू-सिमेंट भरायचे. डबे गावातच तयार करून, किमान पंधरा दिवस पाणी मारून, धुऊन मग वर न्यायचे. दोरी सहा मिलिमीटरची नायलॉनची. काथ्याची दोरी भिजून सैल पडते आणि लोक ती ओलांडून जातात.

पाऊस लांबला की खळगे आटतात आणि आतली पिल्ले मरतात. ते बघवत नाही हे खरे, पण बाटलीतले किंवा नळाचे पाणी त्यात ओतू नका. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना बाधते.

बूट आणि बुरशी

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ॲटेलोपस ही भेकांची प्रजाती आहे: लाल, पिवळे, हिरवे, जांभळे भेक, शंभराच्या आसपास जाती. त्यातल्या बहुतेक आज नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत आणि त्याचे एक मोठे कारण कायट्रिड ही बेडकांच्या कातडीवर वाढणारी बुरशी. पनामातल्या एल व्हाये गावात 2006 मध्ये उरलेसुरले बेडूक वाचवण्यासाठी हॉटेलच्या खोल्यांत ठेवावे लागले. तिथला सोनेरी भेक 2009 च्या सुमारास रानातून दिसेनासा झाला, आज तो बंदिस्त जागेत वाढवला जातो. तीच बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांवरही आढळली आहे. तिथल्यासारखी साथ इथे दिसलेली नाही, पण ओल्या बुटांवरून आणि जाळ्यांवरून ती एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाते हे माहीत असताना गाफील राहणे योग्य नाही.

गस्तीला येणाऱ्या आणि सड्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने हे करायचे: आधी ब्रशने चिखल पूर्ण काढायचा, कारण चिखलात औषधाची ताकद मरते. मग सोडियम हायपोक्लोराईट या जंतुनाशकाचे एक टक्का द्रावण. बाटलीवर चार टक्के लिहिले असेल तर एक भाग औषध, तीन भाग पाणी. बुटाचा तळ त्यात किमान एक मिनिट भिजला पाहिजे. द्रावण रोज ताजे करायचे, कालचे चालत नाही. नंतर बूट साध्या पाण्याने धुऊन कोरडे होऊ द्यायचे. हे सगळे रस्त्यावर करायचे, सड्यापासून दूर, आणि उरलेले द्रावण ओहोळात ओतायचे नाही.

काय द्याल

रेडियमपट्टीची जॅकेटे 24. लाल बॅटन टॉर्च 12 आणि रिचार्ज होणाऱ्या हेडटॉर्च 24. सुपल्या 12, झाकणाच्या पाच लिटरच्या बादल्या 12. नायट्राईल हातमोजे, मध्यम आणि मोठे, शंभराची दहा खोकी. चार टक्के हायपोक्लोराईट 40 लिटर, ताज्या उत्पादन तारखेचे. ते ठेवून ठेवून कमजोर होते, म्हणून वर्षभराचा साठा एकदम नको. तेलाचे रिकामे डबे 60, बांबू 60, नायलॉन दोरी 500 मीटर. गटारांच्या कामाला सिमेंटची 15 पोती आणि दोन गवंडी.

झाडांची रोपे मात्र देऊ नका. दरवर्षी कोणी ना कोणी चांगल्या मनाने सड्यावर वृक्षारोपण करायला निघते. सडा ओसाड नाही, तो तसाच उघडा असायला हवा. खड्डे खणले, माती टाकली की उथळ पाण्याचे खळगे बुजतात आणि हा टोड तिथून जातो.

रोख देणगी पावती घेऊनच द्या. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मंडळींकडून पैसे स्वीकारण्याची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हे काम करणाऱ्या संस्थेकडे नाही, त्यांनी पैसे पाठवू नयेत. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते.

छायाचित्रकारांना वेगळी विनंती. दगड उलटू नका, टोड उचलून ‘चांगल्या’ पानावर बसवू नका, आणि फोटो टाकताना मोबाईलमधले ठिकाण बंद करा. नेमका सडा कळला की पुढच्या शनिवारी तिथे चाळीस माणसे असतात.

गस्तीसाठी वय अठरा पूर्ण हवे, सलग किमान तीन रात्री देता आल्या पाहिजेत. राहण्याची सोय शाळेच्या वर्गात, जेवण गावातून. नावे 10 मेपर्यंत द्या, म्हणजे वनखात्याच्या परवानगीच्या यादीत घालता येतील. यादीत नाव नसेल त्याला सड्यावर नेता येणार नाही. येताना बूट घरूनच धुऊन, कोरडे करून आणा.