मोडीत जाणाऱ्या मालगुजारी चांदीची नोंद व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चांदीचे भाव चढल्यापासून आमच्या भंडारा जिल्ह्यातील मालगुजारांच्या, म्हणजे इंग्रजी अमलात गावाचा सारा वसूल करून भरणाऱ्या जमीनमालकांच्या, जुन्या वाड्यांमधली ताटे, तांबे, तबके, पानदाने आणि अत्तरदाण्या भराभर सराफांकडे मोडीत जात आहेत. कुणाच्या डोक्यावर शेतीचे कर्ज असते, कुणाच्या घरी लग्न निघालेले असते, कुठे भावाभावांची वाटणी झालेली असते. विकणाऱ्याला बोल लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. मात्र भांडे मुशीत जाण्याआधी ते कोणाचे होते आणि कोणाकडून कोणाकडे आले, एवढे तरी कागदावर उतरले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

एका परिचितांच्या वाड्यातले जेवणाचे ताट मी अलीकडेच हातात घेऊन पाहिले. काठाच्या आत टिंबाटिंबांनी घातलेले पणजोबांचे नाव, त्याखाली गाव आणि शके, आणि ताट पालथे केले तर तळाशी तोळ्यांत कोरलेले वजन. नावाच्या शेजारी बोट फिरवले तेव्हा पत्रा किंचित पातळ लागला. उजेडात तिरपे धरल्यावर तिथे आधीचे एक नाव घासून काढल्याचे दिसले. ते ताट या घरात दुसऱ्याच कुणाकडून आले होते. लग्नातली भेट म्हणून, गहाण सुटले नाही म्हणून, की कुण्या सरदाराचा संसार मोडला म्हणून, हे आता घरात कुणाला सांगता येत नाही. सराफाने ते काट्यावर ठेवले, टंच म्हणजे शुद्धता पाहिली, वजनातली घट धरली आणि भाव सांगितला. नाव वाचणे हे काही त्याचे काम नव्हे.

इंग्लंडमधील उमराव घराण्यांच्या चांदीचा माग आजही लागतो, याला कारण त्यांची शिक्क्यांची शिस्त. ९२.५ टक्के शुद्धतेसाठी सिंहाचा छाप, गावाची खूण, कारागिराची आद्याक्षरे, वर्ष सांगणारे अक्षर आणि १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याचे दाखवणारे राजाचे किंवा राणीचे मस्तक, एवढे सगळे एका ताटावर सापडू शकते. त्यावर घराण्याचे कुलचिन्ह कोरलेले असते आणि पुष्कळदा तळाला औंसांत वजनही असते. आजचे वजन त्या आकड्यापेक्षा बरेच कमी भरले, तर एखाद्या धन्याने आधीच्याचे चिन्ह घासून काढले असावे, अशी शंका जाणकार घेतात. रशियाच्या कॅथरीन राणीने १७७० मध्ये पॅरिसच्या कारागिरांकडून करवून काउंट ओर्लोव्हला दिलेली भोजनाची चांदी त्याच्या मृत्यूनंतर तिने परत घेतली, पुढे सोव्हिएत सरकारने तिच्यातील बरेच नग विकले, आणि आज त्यांतले काही पॅरिस व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आपल्या पूर्वेतिहासासह मांडलेले आहेत. याउलट चौदाव्या लुईने १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी व्हर्सायचे चांदीचे सामान आटवले. ते आता कागदोपत्रीच उरले आहे.

आपल्याकडे गावच्या सोनाराने घडवलेल्या भांड्यावर असे शिक्के नसतात. घातलेले नाव, वाटणीपत्रातली यादी आणि घरची वही हाच आपला पुरावा आहे. म्हणून नाव घातलेला तेवढा पत्रा वितळला की निम्मी साक्ष गेली, आणि उरलेली वाळवीच्या स्वाधीन.

विदर्भाने ही हानी एकदा सोसली आहे. नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा केले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. राजघराण्यातील वृद्ध बाकाबाईसाहेबांचा विरोध कुणी जुमानला नाही. अशा वस्तू एकदा पांगल्या की परत आणणे किती कठीण असते, हे २०२५ मध्ये दिसले. पहिल्या रघूजींची तलवार राज्य सरकारला लंडनच्या लिलावात बोली लावून घ्यावी लागली. ती भोसल्यांची आहे हे ओळखता आले, कारण तिच्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचे नाव आहे. भोसल्यांच्या काळात पाटीलकी करणाऱ्या आणि पुढे इंग्रजी अमलात मालगुजार झालेल्या घरांची सत्ता १९५१ मध्ये गेली, जमिनीही बऱ्याच गेल्या. त्या घरांत उरलेली चांदी आता आपल्या डोळ्यांदेखत संपत आहे.

दुसरीकडे, ‘राजघराण्यातील’ म्हणून चांदीची भांडी चढ्या किमतीने विकणारेही वाढले आहेत. कागद नसेल तर अशा शब्दावर ग्राहकाने एक रुपयाही जास्त मोजू नये. शंभर वर्षांपुढील पुराणवस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हा १९७२ चा कायदाही विकणाऱ्यांना ठाऊक असायला हवा.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी यासाठी एक साधा नमुना तयार करावा: भांड्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन, त्यावरील मजकूर जसाच्या तसा, आणि वाटणीपत्राच्या संबंधित पानाची प्रत. मालकाचे नाव त्याच्या इच्छेशिवाय उघड होणार नाही, ही हमी आधी द्यावी, नाहीतर चोरीच्या धास्तीने कुणी वाड्याचे दार उघडणार नाही. आपल्या दैनिकाने हा नमुना तालुक्याच्या पानावर छापला, तर तो ज्या घरांत पोहोचायला हवा तिथे नक्की पोहोचेल.

आपला,
एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा