प्रश्न सरावाच्या जागेचा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला सोनार (पाण्यात आवाज सोडून पाणबुड्या शोधणारे यंत्र) आणि देवमाशांवरचा लेख वाचला. ‘देशाची सुरक्षा की देवमासे?’ हा त्यातला सवाल मला मान्य नाही. माझी नौदलातली नोकरी सोनारवर गेली, म्हणून लिहितो.

बॅटरीवर चाललेली डिझेल पाणबुडी नुसते कान देऊन सहसा सापडत नाही. पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकावाच लागतो आणि समुद्राच्या थंड-गरम थरांत तो आवाज कसा वाकतो, हे खऱ्या पाण्यातच शिकता येते. सराव बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी कधीच जाणार नाही.

पण मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ प्राणी किनाऱ्याला लागले, बहुतेक चोचीच्या जातीचे देवमासे. पुढच्या वर्षी अमेरिकी नौदलाने स्वतःच संयुक्त अहवालात आपल्या सोनारकडे बोट दाखवले. सप्टेंबर २००२ मध्ये नाटोच्या सरावाच्या वेळी कॅनरी बेटांवर असे १४ देवमासे लागले. त्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे सापडले, खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याला होतात तसे. आवाजाला बिचकून त्यांची बुडी मारण्याची लय बिघडली असावी, असे संशोधक मानतात. रात्रपाळीत हेडफोनवर देवमासे ऐकू आले की ‘बायोलॉजिकल’ (सजीवाचा आवाज) असा शेरा मारून आम्ही पुढे जायचो. आपला आवाज त्यांना कसा लागत असेल, हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

लेख सोनार सरावावरच्या २००८ च्या निकालापाशी थांबतो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा नौदलाच्या बाजूने कौल दिला, हे खरे. मात्र खालच्या न्यायालयाने सरावावर घातलेल्या सहा अटींपैकी दोनच अटींना नौदलाने आव्हान दिले होते. २०१५ मध्ये तर हवाई बेटे आणि दक्षिण कॅलिफोर्नियाजवळच्या काही भागांत सोनारवर मर्यादा घालायला त्याच नौदलाने तडजोडीत मान्यता दिली. त्याआधी, २००४ मध्ये, स्पेनने कॅनरी बेटांभोवती ५० सागरी मैलांत लष्करी सोनारला बंदी केली. त्यानंतर तिथे देवमासे असे सामूहिकरीत्या किनाऱ्याला लागल्याची एकही घटना घडली नाही, असे संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत नोंदवले. स्पेन आजही नाटोत आहे. त्याचे आरमार सराव करतेच, फक्त जागा बदलली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतिपुळ्याला देवमाशाचे पिल्लू लागले आणि वाचवण्याची धडपड करूनही गेले. त्याचा संबंध कुणी सोनारशी जोडू नये. तसा पुरावा नाही. पण अरबी समुद्रातले हंपबॅक जातीचे देवमासे इतर हंपबॅकसारखे दूर स्थलांतर करत नाहीत, बारा महिने याच पाण्यात राहतात आणि फार थोडे उरले आहेत. आपल्या जहाजांवर ऐकण्याची उत्तम साधने आहेत. देवमाशांच्या आवाजाच्या ज्या नोंदी गोपनीय नाहीत, त्या नौदलाने आपल्या सागरी संशोधकांना द्याव्यात आणि सरावाचे क्षेत्र आखणाऱ्यांच्या टेबलावर त्या नोंदींवरून काढलेला देवमाशांचा नकाशा असावा, एवढी माझी मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक, देवगड